वाचकांचे प्रश्न : व्हीपीएनच्या बोगद्याला गळती तर नाही ना?

व्हीपीएन म्हणजे तुमची इंटरनेट वाहतूक कूटबद्ध करून, म्हणजे इतरांना वाचता येणार नाही अशा रूपात, जणू एका बोगद्यातून स्वतःच्या सर्व्हरमार्गे पुढे पाठवणारी सेवा. काही वाहतूक या बोगद्याबाहेरून गेली, तर ती गळती. व्हीपीएनविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांत एक गोष्ट समान आहे. बहुतेकांनी सेवा घेतलेली आहे, ॲप सुरू आहे, पडद्यावर ‘जोडले गेले’ अशी हिरवी खूण दिसते आहे, आणि तरीही मनात शंका आहे. ही शंका रास्त आहे. ती हिरवी खूण एवढेच सांगते की ॲपचा त्याच्या सर्व्हरशी संपर्क झाला आहे. तुमच्या यंत्रातून बाहेर पडणारा प्रत्येक संदेश त्याच वाटेने जातो आहे, अशी ग्वाही ती देत नाही. निवडक पत्रांना पुढे उत्तरे दिली आहेत. विषयच गोपनीयतेचा असल्यामुळे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी घरून भाषांतराचे काम करते. ग्राहकांची कागदपत्रे गोपनीय असतात, म्हणून वर्षभरापासून व्हीपीएनची वर्गणी भरते आहे. संगणकातले मला बेताचेच कळते. माझे व्हीपीएन खरोखर काम करते आहे की नाही, हे मला स्वतःला तपासता येईल का?

उत्तर : नक्की तपासता येईल. त्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही, फक्त क्रम पाळावा लागतो. पुष्कळ जण आधी व्हीपीएन सुरू करतात आणि मग चाचणीचे पान उघडतात. तिथेच चूक होते. आपला मूळ आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक, कोणता हेच ठाऊक नसेल, तर पडद्यावर दिसणारा पत्ता आपला की दुसऱ्याचा, हे ओळखायचे कशावरून? म्हणून सुरुवात व्हीपीएन बंद ठेवून करा. ‘ब्राउझरलीक्स’ किंवा ‘आयपीलीक’ यांसारखे एखादे पान उघडा आणि तिथे दिसणाऱ्या तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या : तुमचा आयपीव्ही४ पत्ता, असल्यास आयपीव्ही६ पत्ता, आणि डीएनएस सर्व्हरांच्या (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरांच्या) यादीत आलेली नावे. त्यानंतर ब्राउझर पूर्ण बंद करा, व्हीपीएन सुरू करा, ब्राउझर पुन्हा उघडून तेच पान पाहा आणि कागदाशी ओळ न् ओळ ताडून घ्या. कागदावरची एकही नोंद पडद्यावर पुन्हा दिसता कामा नये.

आयपीव्ही४ पत्ता ठिपक्यांनी वेगळ्या केलेल्या चार आकड्यांचा असतो. समजा, कागदावर २०३.०.११३.२५ असा पत्ता आहे आणि व्हीपीएन सुरू केल्यावरही तोच दिसतो आहे, तर त्या ब्राउझरपुरता तुमचा बोगदा अस्तित्वातच नाही. असे क्वचित घडते. या पहिल्या परीक्षेत जवळजवळ सगळ्या सेवा उत्तीर्ण होतात आणि वापरणारा निर्धास्त होतो. खरी गळती सापडते ती पुढच्या दोन ठिकाणी.

पहिले ठिकाण आयपीव्ही६ हे आहे. आयपीव्ही४ पत्ते ३२ बिटांचे असतात आणि ते जगाला पुरेनासे झाल्यामुळे १२८ बिटांचे नवे पत्ते वापरात आले. हे पत्ते लांबलचक असतात, अंक आणि अक्षरे मिसळून लिहिलेले असतात आणि त्यांचे गट दोन उभ्या ठिपक्यांनी वेगळे केलेले असतात. आज अनेक जोडण्यांवर दोन्ही प्रकारचे पत्ते एकाच वेळी चालू असतात. व्हीपीएनने फक्त आयपीव्ही४ची वाहतूक बोगद्यात घेतली आणि आयपीव्ही६ला ना बोगद्यात घेतले, ना अडवले, तर आयपीव्ही६ समजणारी संकेतस्थळे तुमच्याशी थेट बोलत राहतात. मी स्वतः पैसे भरून घेतलेल्या एका सेवेबाबत नेमके हेच झाले होते. चाचणीच्या पानावर वरच्या ओळीत परक्या देशातला आयपीव्ही४ पत्ता आणि त्याच्या खालच्याच ओळीत माझ्या इंटरनेट कंपनीच्या नावानिशी माझा खरा आयपीव्ही६ पत्ता, असे दोन्ही शेजारी शेजारी दिसत होते. कित्येक महिने मी फक्त वरची ओळ वाचून पान बंद करत होतो. तेव्हा खालची ओळ वाचायला विसरू नका. तिथे व्हीपीएनचा स्वतःचा आयपीव्ही६ पत्ता दिसला किंवा ‘आयपीव्ही६ उपलब्ध नाही’ असे आले, तर दोन्ही निकाल चांगले समजावेत.

दुसरे ठिकाण डीएनएसचे. तुम्ही ब्राउझरमध्ये संकेतस्थळाचे नाव लिहिता तेव्हा ते नाव आधी कोणत्या तरी डीएनएस सर्व्हरला विचारले जाते आणि त्याच्याकडून आकड्यांतला पत्ता मिळतो. ही विचारणा पूर्वापार कूटबद्ध न करताच केली जाते आणि एरवी ती इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरकडे जाते. बाकी सगळे बोगद्यातून गेले आणि ही विचारणा तेवढी बाहेरून गेली, तर तुम्ही पानावर काय वाचले हे कंपनीला कळत नाही, पण कोणत्या संकेतस्थळावर किती वाजता गेलात याची यादी तिला आयती मिळते. विंडोजवर हा धोका विशेष आहे. विंडोज ८पासून ही प्रणाली वेगासाठी एकच विचारणा एकाच वेळी सगळ्या नेटवर्क जोडण्यांवरून पाठवू शकते, आणि त्यांतली एखादी जोडणी बोगद्याबाहेरची असू शकते.

डीएनएसची चाचणी कशी चालते हे समजले तर तिचा निकाल वाचणे सोपे जाते. चाचणीचे पान तुमच्या ब्राउझरला अशी काही नावे शोधायला लावते, जी याआधी जगात कोणी विचारलेली नसतात. ती अर्थहीन अक्षरांची असतात आणि त्याच क्षणी तयार केलेली असतात. अशा नावाचे उत्तर कोणत्याही डीएनएस सर्व्हरकडे साठवलेले असणे शक्य नसल्यामुळे, तुमच्या वतीने विचारणा करणाऱ्या सर्व्हरला चाचणी घेणाऱ्याच्याच सर्व्हरपर्यंत यावे लागते, आणि आलेला कोण होता हे तिथे नोंदले जाते. तुम्हाला दिसणारी यादी ती हीच. ‘डीएनएस लीक टेस्ट’ या पानावर साधी आणि विस्तृत अशा दोन चाचण्या आहेत. त्यांतली विस्तृत निवडा, कारण ती अशी नावे अधिक फेऱ्यांत विचारते आणि मधूनच होणारी गळतीही तिच्यात सापडण्याची शक्यता वाढते. यादीत तुमच्या इंटरनेट कंपनीचे नाव एकदा जरी आले, तरी गळती आहे असेच समजा.

गळती आढळली तर आधी ॲपच्या सेटिंगमध्ये डीएनएस आणि आयपीव्ही६ यांच्या गळतीपासून संरक्षण देणारे पर्याय बंद तर नाहीत ना, ते पाहा. ते चालू असूनही गळती राहिली, तर यंत्राच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन आयपीव्ही६ बंद करता येते. हा तात्पुरता उपाय झाला, पण लागू पडतो. सेवा देणाऱ्या कंपनीला चाचणीच्या पानाचे चित्र पाठवून जाब विचारा. महिन्याभरातही उत्तर मिळाले नाही, तर माझ्या मते ती सेवा सोडलेली बरी. ग्राहकांची कागदपत्रे हाताळणाऱ्या व्यक्तीने तर याबाबतीत भीड धरू नये.

प्रश्न : चाचणीत माझ्या इंटरनेट कंपनीचे नाव आले नाही, पण व्हीपीएन कंपनीचेही आले नाही; क्लाउडफ्लेअर असे नाव आले. शिवाय वेबआरटीसीच्या चाचणीत १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता दिसतो. ही गळती समजायची का?

उत्तर : दुसऱ्या गोष्टीचे उत्तर आधी देतो, कारण त्यात काळजीचे कारण नाही. १९२.१६८ने किंवा १०ने सुरू होणारे, तसेच १७२.१६पासून १७२.३१पर्यंतचे पत्ते घरातल्या आणि कार्यालयातल्या अंतर्गत नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत. तुमच्या राउटरने लॅपटॉपला दिलेला तो घरगुती क्रमांक आहे आणि तोच क्रमांक जगात लक्षावधी यंत्रांना मिळालेला असतो. त्यावरून तुमचा ठावठिकाणा कोणाला कळत नाही.

तरीही वेबआरटीसीची चाचणी टाळू नका. ब्राउझरमधूनच दृश्य-संवाद साधता यावा यासाठी हे तंत्र आहे, आणि दोन यंत्रांत सर्वांत जवळची वाट शोधण्यासाठी ते यंत्राचे सगळे उपलब्ध पत्ते गोळा करते. व्हीपीएन चालू असतानाही एखादे साधे पान या मार्गाने खरा पत्ता वाचू शकते, हे जानेवारी २०१५मध्ये जाहीर प्रात्यक्षिकातून दिसले आणि तेव्हापासून ब्राउझरांत बरीच सुधारणा झाली. आता घरगुती पत्त्याच्या जागी बहुधा ‘लोकल’ या शब्दाने संपणारे एक निरर्थक नाव दिसते. तुम्हाला एकच गोष्ट पाहायची आहे : कागदावर लिहिलेला तुमचा बाहेरचा पत्ता, मग तो आयपीव्ही४ असो वा आयपीव्ही६, या चाचणीत येतो आहे का? येत असेल तर गळती आहे. फायरफॉक्समध्ये वेबआरटीसी पूर्ण बंद करता येते, ब्रेव्हमध्ये त्याचे पत्ते हाताळण्याचे धोरण बदलता येते. मात्र ते पूर्ण बंद केले तर ब्राउझरमधल्या बैठका चालणार नाहीत, हे ध्यानात ठेवून निवड करा.

आता क्लाउडफ्लेअरविषयी. ही सर्वांसाठी खुले डीएनएस सर्व्हर चालवणारी कंपनी आहे. हल्ली ब्राउझर स्वतःच डीएनएसची विचारणा कूटबद्ध करून आपल्या पसंतीच्या सर्व्हरकडे पाठवू शकतात. या पद्धतीचे तांत्रिक मानक २०१८मध्ये निश्चित झाले आणि पुढे ब्राउझरांनी ती स्वीकारली. तुमच्या ब्राउझरमध्ये ‘सुरक्षित डीएनएस’ चालू असावे आणि त्याचा पुरवठादार क्लाउडफ्लेअर असावा, असा माझा अंदाज आहे. काही व्हीपीएन कंपन्याही स्वतःचे सर्व्हर न ठेवता अशा सार्वजनिक सर्व्हरांचा उपयोग करतात. तुमच्या इंटरनेट कंपनीला यातून काही कळत नाही, त्यामुळे नेहमीच्या अर्थाने ही गळती नव्हे. पण तुमच्या विचारणा आता एका तिसऱ्या पक्षाकडे जात आहेत आणि त्याची निवड तुम्ही जाणूनबुजून केलेली नाही. ब्राउझरमधला तो पर्याय बंद करून चाचणी पुन्हा करा, म्हणजे व्हीपीएनचे स्वतःचे वर्तन उघडे पडेल. त्यानंतर कोणाकडे विचारणा पाठवायची ते तुम्हीच ठरवा.

प्रश्न : माझ्या सगळ्या चाचण्या घरी व्यवस्थित येतात. पण कामानिमित्त प्रवास फार असतो आणि वायफाय सारखे तुटते. व्हीपीएन तुटून पुन्हा जोडले जाईपर्यंतच्या मधल्या वेळात काय होत असेल?

उत्तर : या महिन्यातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. टेबलाशी बसून, जोडणी स्थिर असताना केलेल्या चाचणीत बहुतेक सेवा चांगल्याच दिसतात. बोगदा उघडा पडतो तो जोडणी तुटताना, यंत्र झोपेतून जागे होताना, किंवा वायफायवरून मोबाइल डेटावर जाताना. त्या काही सेकंदांत पार्श्वभूमीला चालणारी मेलची, संदेशांची आणि फायली साठवणारी ॲपे थांबत नाहीत. मिळेल त्या वाटेने ती आपापल्या सर्व्हरकडे जातात. हे अडवण्यासाठी असते त्या सोयीला ‘किल स्विच’ म्हणतात. बोगदा तुटला की सगळी वाहतूक रोखून धरणे, एवढेच तिचे काम. ती चालू आहे असे सेटिंगमध्ये दिसणे आणि ती प्रत्यक्षात काम करणे यांत पुष्कळ अंतर असू शकते.

मी तपासतो ते असे. लॅपटॉपवर व्हीपीएन आणि किल स्विच दोन्ही चालू करतो, आदेश लिहिण्याची काळी खिडकी उघडतो आणि बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला सतत ‘पिंग’ करत, म्हणजे हाक मारून उत्तराची वाट पाहत, राहण्याचा आदेश देतो. दर सेकंदाला उत्तराची एक ओळ उमटते आणि तिच्या शेवटी उत्तराला किती मिलिसेकंद लागले ते दिसते. दूरच्या देशातला व्हीपीएन सर्व्हर निवडलेला असेल तर हा आकडा मोठा असतो, समजा १८० ते २००च्या आसपास. मग वायफाय बंद करून लगेच पुन्हा चालू करतो आणि खिडकीकडे पाहत राहतो. उत्तरे थांबली, काही ओळी ‘वेळ संपली’ अशा आल्या आणि त्यानंतर थेट १९०चा आकडा उमटला, तर किल स्विचने आपले काम केले. पण मध्येच १२, ११, १४ अशा लहान आकड्यांच्या दोन-तीन ओळी येऊन मग १९० सुरू झाले, तर त्या दोन-तीन सेकंदांत माझे यंत्र बोगद्याबाहेरून थेट बोलत होते. ॲपच्या खिडकीत यातले काही दिसत नाही. तिथे फक्त ‘पुन्हा जोडत आहे’ असे येते आणि जाते. हाच प्रयोग ॲप जबरदस्तीने बंद करून आणि यंत्र झोपवून-उठवूनही करावा. जवळचा व्हीपीएन सर्व्हर निवडून तो करू नये, कारण मग दोन्ही वाटांचे आकडे सारखेच येतात आणि काहीच कळत नाही.

फोनवर परिस्थिती थोडी वेगळी आहे, कारण तिथे ॲपपेक्षा फोनच्या प्रणालीचा अधिकार मोठा असतो. अँड्रॉइडमध्ये ‘व्हीपीएन सदैव चालू’ आणि ‘व्हीपीएनशिवायच्या जोडण्या अडवा’ असे दोन पर्याय प्रणालीच्या सेटिंगमध्येच आहेत, आणि माझा भरवसा ॲपमधल्या किल स्विचपेक्षा त्यांच्यावर अधिक आहे. तेही निर्दोष नाहीत. हे दोन्ही पर्याय चालू असतानाही इंटरनेट आहे की नाही हे पाहण्यासाठी अँड्रॉइड स्वतः करते ती तपासणी बोगद्याबाहेरून जाते, हे मुलवाड या स्वीडिश व्हीपीएन कंपनीने ऑक्टोबर २०२२मध्ये दाखवून दिले होते. आयफोनबाबत मार्च २०२०मध्ये प्रोटॉन या व्हीपीएन पुरवणाऱ्या कंपनीने उघड केले की व्हीपीएन सुरू करण्याआधी उघडलेल्या जोडण्या प्रणाली बंदच करत नाही, त्या बोगद्याबाहेर तशाच चालू राहतात. व्हीपीएन जोडून झाल्यावर फोन विमान-स्थितीत टाकून पुन्हा पूर्ववत करावा, असा उपाय त्या वेळी सुचवला गेला होता. तो शंभर टक्के खात्रीचा नाही, पण प्रवासात मी आजही करतो.

परक्या वायफायविषयी आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. मे २०२४मध्ये लेव्हायथन सिक्युरिटी या संस्थेने ‘टनेलव्हिजन’ नावाचा हल्ला जाहीर केला. वायफायला जोडले जाताना तुमचे यंत्र राउटरकडून आपला पत्ता घेते. त्या संभाषणात राउटरला ‘अमुक पत्त्यांकडे जायचे असेल तर अमुक वाटेने जा’ असेही सांगता येते आणि ही सोय २००२पासून अधिकृत तांत्रिक मानकात आहे. राउटर ज्याच्या ताब्यात आहे त्याने दुष्ट हेतूने अशा वाटा दिल्या, तर ती वाहतूक बोगदा टाळून जाते. बोगदा तुटलेला नसल्यामुळे किल स्विच जागा होत नाही आणि हिरवी खूण तशीच राहते. हल्लेखोराने निवडक पत्त्यांपुरत्याच वाटा वळवल्या तर चाचणीचे पानही स्वच्छ निकाल देईल. अँड्रॉइड ही सोय मानतच नाही, त्यामुळे ते या हल्ल्यापासून सुरक्षित राहिले. संवेदनशील काम असेल तेव्हा परके वायफाय न घेता स्वतःच्या फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवणे, हा यावरचा सर्वांत साधा उपाय आहे.

प्रश्न : मी ब्राउझरमध्ये एक मोफत व्हीपीएन एक्स्टेन्शन बसवले आहे. चाचणीत पत्ता बदललेला दिसतो. एवढे पुरेसे आहे ना?

उत्तर : पुरेसे नाही. अशी बहुतेक एक्स्टेन्शने प्रत्यक्षात प्रॉक्सी असतात आणि फक्त त्या ब्राउझरची वाहतूक दुसरीकडून फिरवतात. तुमचे मेलचे ॲप, बैठकीचे ॲप, प्रणालीची अद्यतने आणि दुसरा ब्राउझर हे सगळे उघड्या वाटेनेच जात असते. यंत्रावरचा दुसरा ब्राउझर उघडून तीच चाचणी करा. तुमचा खरा पत्ता समोर येईल.

प्रश्न : गळतीच्या सर्व चाचण्या मी केल्या, सगळ्या स्वच्छ आल्या. तरीही काल शोधलेल्या वस्तूच्या जाहिराती आज सगळीकडे दिसतात आणि नकाशावर माझे अचूक ठिकाण येते. मग व्हीपीएन फसवे आहे असे म्हणायचे का?

उत्तर : तुमचे व्हीपीएन त्याचे काम करते आहे असे दिसते. तुमची अपेक्षा मात्र त्याच्या कामाच्या पलीकडची आहे. व्हीपीएन दोन गोष्टी करते : इंटरनेट कंपनीपासून तुमची वाहतूक झाकते आणि संकेतस्थळापासून तुमचा आयपी पत्ता झाकते. तुम्ही ज्या खात्याने प्रवेश केला आहे, त्या खात्याच्या मालकाला तुम्ही कोण आहात हे पत्त्यावरून ओळखण्याची गरजच नसते. ब्राउझरमध्ये साठलेल्या कुकी, म्हणजे तुम्हाला ओळखण्यासाठी संकेतस्थळांनी ठेवलेल्या खुणा, याही बोगद्यातून तशाच पोहोचतात. नकाशाचे म्हणाल, तर ब्राउझरला ठिकाण पाहण्याची परवानगी दिलेली असल्यास तो आसपासच्या वायफाय राउटरांवरून किंवा उपग्रहांवरून ठिकाण काढतो, आणि त्यात आयपी पत्त्याचा संबंध येत नाही. ती परवानगी काढून घ्या.

याशिवाय ब्राउझरचा ठसा म्हणून एक प्रकार आहे. पडद्याचा आकार, बसवलेले टंक (फॉन्ट), भाषा, घड्याळाचा विभाग, चित्रे रंगवण्याची पद्धत अशा बारीकसारीक गोष्टी एकत्र केल्या की तो संच पुष्कळदा एकमेव ठरतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१०मध्ये केलेल्या पाहणीत चाचणीला आलेल्या ब्राउझरांपैकी सुमारे ८४ टक्के ब्राउझर असे एकमेव निघाले होते. ‘कव्हर युअर ट्रॅक्स’ या त्यांच्याच पानावर तुम्हाला स्वतःचा ठसा तपासता येतो. तिथे एक गोष्ट मुद्दाम पाहा : व्हीपीएनचा सर्व्हर दुसऱ्या खंडातला आणि ब्राउझरचे घड्याळ इथले, अशी विसंगती असेल तर तीच एक ओळख बनते. जाहिरातींचा माग कमी करायचा असेल तर व्हीपीएन चालू असताना वेगळे ब्राउझर प्रोफाइल वापरा, त्यात कोणत्याही नेहमीच्या खात्याने प्रवेश करू नका आणि माग काढणारे दुवे अडवणारे एक्स्टेन्शन बसवा.

प्रश्न : संकेतस्थळांवरच्या चाचण्या पत्ता दाखवतात, पण माझी माहिती खरोखर कूटबद्ध होते का आणि कंपनी माझ्या नोंदी ठेवते का, हे कसे तपासायचे?

उत्तर : या दोन प्रश्नांपैकी पहिला तपासता येतो, दुसरा येत नाही. यातला फरक नीट समजून घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

कूटबद्धता पाहण्यासाठी यंत्रातून ये-जा करणारी वाहतूक दाखवणारे ‘वायरशार्क’ हे मोफत साधन घ्या. ते उघडल्यावर नेटवर्क जोडण्यांची यादी येते. त्यात व्हीपीएनने तयार केलेली आभासी जोडणी न निवडता वायफायची प्रत्यक्ष जोडणी निवडा, कारण आभासी जोडणीत कूटबद्ध होण्याआधीचा मजकूर दिसतो आणि उगाच घाबरायला होते. आता व्हीपीएन चालू ठेवून दोन-चार संकेतस्थळे उघडा. वायरगार्ड पद्धतीचे व्हीपीएन असेल तर जवळजवळ सगळी वाहतूक तुमचे यंत्र आणि एकच दूरचा पत्ता यांच्यामध्ये चाललेली दिसेल, आणि एखाद्या ओळीवर टिचकी मारली तर खालच्या चौकटीत अर्थ न लागणारी अक्षरे दिसतील. वरच्या पट्टीत ‘डीएनएस’ अशी गाळणी लावली की पडदा रिकामा राहिला पाहिजे. तिथे तुम्ही आत्ताच उघडलेल्या संकेतस्थळाचे नाव वाचता येण्याजोगे दिसले, तर डीएनएस गळतीचा याहून थेट पुरावा नाही. राउटर आणि घरातली यंत्रे एकमेकांना हाका मारतात त्या काही ओळी अधूनमधून दिसतील. त्या घराबाहेर जात नाहीत, त्यांना गळती समजू नका.

ही तपासणी अनाठायी नाही. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ ही सरकारी विज्ञान संशोधन संस्था आणि न्यू साउथ वेल्स विद्यापीठ यांच्या संशोधकांनी अन्य सहकाऱ्यांसह २०१६मध्ये अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन ॲपे तपासली. त्यांपैकी १८ टक्के ॲपे वाहतूक कूटबद्धच करत नव्हती, ८४ टक्के ॲपे आयपीव्ही६ची आणि ६६ टक्के ॲपे डीएनएसची वाहतूक बोगद्यात घेत नव्हती. ३८ टक्क्यांहून अधिक ॲपांत घातक प्रोग्रामची चिन्हे आढळली. ही पाहणी जुनी झाली हे खरे, पण ॲपच्या नावात ‘व्हीपीएन’ असणे आणि त्याने व्हीपीएनचे काम करणे यांत किती तफावत असू शकते, ते तिच्यातून कळते.

नोंदींचा प्रश्न मात्र तुमच्या यंत्राच्या पलीकडचा आहे. बोगदा जिथे संपतो तिथे तुमच्या सगळ्या भेटी त्या कंपनीच्या सर्व्हरवरून पुढे जातात. तुमच्या इंटरनेट कंपनीला जे दिसत होते, तेच आता हिला दिसू शकते : कोणत्या संकेतस्थळाला, किती वाजता, किती वेळ. एचटीटीपीएसमुळे, म्हणजे संकेतस्थळ आणि ब्राउझर यांच्यातल्या स्वतंत्र कूटबद्धतेमुळे, आतला मजकूर तिला वाचता येत नाही, एवढाच दिलासा आहे. तिथे काय लिहून ठेवले जाते हे बाहेरून कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. जुलै २०२०मध्ये, आपण नोंदी ठेवत नाही असा दावा करणाऱ्या सात मोफत व्हीपीएन ॲपांच्या वापरकर्त्यांची माहिती एका उघड्या सर्व्हरवर सापडली होती. उलट, एप्रिल २०२३मध्ये स्वीडिश पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन वर उल्लेख केलेल्या मुलवाडच्या कार्यालयात गेले आणि ग्राहकांची कोणतीही माहिती न घेता परतले, कारण घेण्यासारखे काही साठवलेलेच नव्हते, असे त्या कंपनीने जाहीर केले. कंपनीच्या जाहिरातीपेक्षा मी अशा प्रसंगांकडे पाहतो. तसेच बाहेरच्या लेखापरीक्षकाने सर्व्हरांची तपासणी केली आहे का आणि तो अहवाल पूर्ण वाचायला मिळतो का, ॲपचा मूळ कोड खुला आहे का, कंपनीचा मालक कोण हे उघड सांगितले आहे का, हेही पाहावे. यांपैकी कशानेही पूर्ण खात्री होत नाही, पण ज्या कंपनीबाबत यातले एकही उत्तर सापडत नाही, तिच्याकडे मी माझी वाहतूक सोपवणार नाही.

प्रश्न : या चाचण्या किती दिवसांनी कराव्यात? आणि चाचणी घेणाऱ्या पानांवर तरी विश्वास कसा ठेवायचा?

उत्तर : ॲपची किंवा प्रणालीची नवी आवृत्ती आली, नवे राउटर बसवले, ब्राउझर बदलला, की लगेच चाचणी करा, एरवी महिन्यातून एकदा पुरे. पूर्ण फेरीला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. मूळ पत्ता इंटरनेट कंपनी अधूनमधून बदलत असते, म्हणून कागदावरची नोंद दर वेळी नव्याने करावी.

चाचणीच्या पानाला तुमच्याविषयी जे दिसते, ते तुम्ही उघडता त्या प्रत्येक संकेतस्थळाला दिसतच असते, त्यामुळे ते पान उघडण्यात वेगळा धोका नाही. मात्र अशा पानावरून काहीही उतरवून घेऊ नका आणि निकाल किमान दोन पानांवर ताडून पाहा. यांतली बरीच पाने व्हीपीएन कंपन्याच चालवतात. त्यांची सेवा वापरत नसलेल्या प्रत्येकाला, त्याचे व्हीपीएन उत्तम चालत असले तरी, ‘तुम्ही असुरक्षित आहात’ असा लाल पट्टा तिथे दिसू शकतो. तो पट्टा आणि त्याशेजारचे वर्गणीचे बटण सोडून द्या, आणि खाली दिलेले पत्ते तेवढे तुमच्या कागदाशी ताडून पाहा.